दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशोब कोणत्या क्रमाने करायचा

लंडन आणि न्यूयॉर्क ही नावं एखाद्या अंतर-गणकात टाकली की उत्तर येतं: ५,५७० किमी, ६ तास ११ मिनिटं. तिकिटावर मात्र जाताना साधारण आठ तास आणि येताना सात तास दिसतात. मग कुणी म्हणतं गणक चुकला, कुणी म्हणतं विमान कंपनी वेळ फुगवून सांगते. गणकाने ५,५७० ला ९०० ने भागलं, एवढंच झालंय. ते अंतर एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्या शहराच्या मध्यापर्यंतचं आहे, आणि तिथून कुठलंच विमान उडत नाही.

हा हिशोब चुकतो तो बहुतेक वेळा गणितामुळे नाही, तर क्रमामुळे. आधी वेळ शोधून मग अंतर जुळवायला गेलात की गोंधळ ठरलेलाच. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पुढच्या प्रत्येक टप्प्याला मागच्या टप्प्याचा आकडा लागतो.

## आधी ठरवा: तुम्हाला नेमका कोणता आकडा हवाय?

‘हवाई अंतर’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात आणि ‘प्रवासाचा वेळ’ या नावाखाली तीन.

अंतरातलं पहिलं म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर. त्याला बृहद्वृत्तीय किंवा ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. दुसरं म्हणजे विमान प्रत्यक्षात जेवढं उडतं ते, आणि ते नेहमी थोडं जास्तच भरतं. वेळेचे तीन प्रकार असे: चाकं धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा हवेतला वेळ, एका गेटवरून निघून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ, जो तिकिटावर छापतात, आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ.

उशिराच्या भरपाईसाठी अंतर हवं असेल तर पहिलंच अंतर लागतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किमीवर बदलतात, आणि ते अंतर ग्रेट सर्कल पद्धतीनेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. एकाच बुकिंगवर मध्ये विमान बदललं असलं, तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर धरतात, तुकड्यांची बेरीज नाही. इंधनाचा किंवा कार्बनचा अंदाज करायचा असेल तर दुसरं अंतर घ्या. कुणाला विमानतळावर आणायला जायचं असेल तर अंतर विसरा आणि थेट टप्पा ७ वर जा.

## तयारी

कागद, प्रवासाची तारीख आणि फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं पुरे. बहुतेक फोन आडवा धरला की तो उघडतो. जवळ पृथ्वीगोल आणि दोरा असेल तर उत्तमच, कारण आकडा वेडावाकडा आला तर दोरा लगेच सांगतो.

तपासणी: कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढा. उत्तर ०.५ आलं तर तो अंशांत चालतोय. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात आहे. तो अंशांवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही फोन सुरुवातीला रेडियनवर असू शकतात.

## टप्पा १: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

तीन अक्षरी कोड लिहून घ्या. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे पाच तरी विमानतळ लोक नेहमी वापरतात. ‘एलओएन’ हा कोड पूर्ण शहराचा आहे, कोणत्याही एका विमानतळाचा नाही. टोकियोत नारिता आणि हानेदा आहेत, आणि नारिता शहरापासून बरंच लांब आहे.

त्याहून मोठा धोका एकाच नावाच्या दोन शहरांचा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडातही. सॅन होजे हे कॅलिफोर्नियातलं एक शहर आणि कोस्टा रिकाची राजधानीही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसंच अमेरिकेतल्या अलाबामात आहे. हैदराबाद भारतात आहे तसंच पाकिस्तानातही. गणकाला नुसतं नाव दिलं की तो त्याच्या यादीतलं पहिलं शहर उचलतो आणि विचारतही नाही.

## टप्पा २: अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या शेवटपर्यंत दिसत नाहीत. म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक मिनिटांची. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं उत्तर असा दिलेला असतो. लोक तो ५१.२८ असा लिहितात. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाहीत. २८ ला ६० ने भागायचं, म्हणजे ५१.४७. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमीचा, तेव्हा एवढ्याशा चुकीने विमानतळ सुमारे २१ किमी सरकतो.

दुसरी चूक चिन्हाची. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे लिहायचे. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचा रेखांश ७३.७८ पश्चिम, म्हणजे −७३.७८. उणे चिन्ह राहून गेलं तर तुमचं न्यूयॉर्क मध्य आशियात, किर्गिझस्तानच्या बाजूला जाऊन पडतं. गंमत अशी की हीथ्रोपासून त्या जागेचं अंतर सुमारे ५,६०० किमी येतं, खऱ्या उत्तराहून जेमतेम ६० किमी जास्त. आकडा पाहून चूक झाल्याचं कळायला मार्गच नाही.

तिसरी चूक क्रमाची. काही साधनं आधी रेखांश देतात, मग अक्षांश. ९० पेक्षा मोठा आकडा अक्षांश असू शकत नाही. पण दोन्ही आकडे ९० च्या आत असले की ही खूणही कामाची राहत नाही.

तपासणी: लिहिलेले आकडे जसेच्या तसे नकाशाच्या ॲपमध्ये टाका. टाचणी धावपट्टीवर पडली पाहिजे. समुद्रात किंवा डोंगरात पडली तर पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ३: अंतर काढा

नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. सपाट नकाशावरची सरळ रेषा बहुतेक वेळा सर्वांत जवळची वाट नसते. न्यूयॉर्क आणि माद्रिद दोन्ही साधारण ४०.५ उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणून नकाशावर वाट वाटते सरळ पूर्वेची. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा: तो उत्तरेकडे फुगतो आणि मध्यावर ४६ अंशांच्या पुढे जातो. अक्षांशाच्या रेषेवरून गेलात तर सुमारे १७० किमी जास्त पडतात. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट वाकडी दिसते ती याचमुळे. वैमानिक काही वळसा घालत नसतो.

सूत्र असं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करा, तिचा कॉस इन्व्हर्स (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या. येणारं उत्तर अंशांत असतं. त्याला १११.१९५ ने गुणलं की किलोमीटर.

हीथ्रो (५१.४७, −०.४५) ते जेएफके (४०.६४, −७३.७८) करून पाहू:

- साइनचा गुणाकार: ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५
- रेखांशांतला फरक: ७३.३३ अंश, त्याचा कोसाइन ०.२८६९
- कोसाइनचा गुणाकार: ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६
- बेरीज: ०.६४५१
- कॉस इन्व्हर्स: ४९.८३ अंश
- अंतर: ४९.८३ × १११.१९५ = सुमारे ५,५४० किमी

गणकातल्या ५,५७० पेक्षा हे ३० किमीने कमी, कारण आपण विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजलं. हे सूत्र पृथ्वी पूर्ण गोल आणि तिची त्रिज्या ६,३७१ किमी धरतं. खरी पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, पण त्यामुळे पडणारा फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. प्रवासाच्या हिशोबासाठी त्यात डोकं घालायची गरज नाही.

सावधान: रेखांशांतला फरक १८० पेक्षा जास्त आला तर घाबरू नका, कोसाइन ते सांभाळून घेतो. पण अंतर २०,०१५ किमीच्या वर गेलं तर नक्की चूक झालीय. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं याहून लांब असूच शकत नाहीत.

एककही बघून घ्या. नुसता मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. विमानांच्या कामात सागरी मैल चालतो, आणि ‘मैल’ एवढंच लिहिलं असेल तर कोणता ते विचारल्याशिवाय गुणाकार करू नका.

## टप्पा ४: प्रत्यक्ष वाट किती लांब ते धरा

विमान उडताना धावपट्टीच्या दिशेने निघतं, मग वळतं. उतरताना रांगेत लागतं. मध्ये ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं. यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, कार्बन गणकातली पद्धत सोपी आहे: ५५० किमीच्या आतल्या प्रवासाला ५० किमी, ५५० ते ५,५०० पर्यंत १०० किमी आणि त्यापुढे १२५ किमी मिळवा. आपल्या उदाहरणात ५,५४० चे ५,६६५ झाले.

काही मार्गांवर मात्र एवढ्याने भागत नाही. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किमी आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं, आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा पूर्वी नऊ-साडेनऊ तासांचा हा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरं तिथेच आहेत, सूत्राचं उत्तरही तेच आहे, वेळ मात्र जवळजवळ दीडपट. तिबेटच्या पठारावरूनही विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला दाब गेला तर विमान चटकन खाली आणावं लागतं, आणि तिथे खाली यायला जागाच नसते.

तपासणी: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर अशा विमानांचा माग दाखवणाऱ्या ट्रॅकरवर त्या मार्गाचं अलीकडचं एखादं उड्डाण उघडा आणि रेषेचा आकार बघा. ती तुमच्या दोऱ्याच्या वाटेजवळून जात असेल तर वरची पद्धत चालेल. मोठा वळसा दिसला तर पद्धत सोडा आणि तिथली वेळच घ्या.

## टप्पा ५: वेग आणि वारा

वेग विमानावर ठरतो. ए३२० किंवा ७३७ सारखं विमान उंचीवर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. लांब पल्ल्याचं ७८७ किंवा ए३५० ताशी ९०० च्या आसपास. पंख्याचं एटीआर ७२ ताशी ५०० च्या जवळपास. विमानाचा प्रकार बुकिंग करतानाच दिसतो, तो बघून घ्या. ४०० किमीसाठी जेट धरून हिशोब केला आणि एटीआर निघालं, की वीसेक मिनिटांचा घोळ झालाच.

आता वारा. मध्यम अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहते. हिवाळ्यात ती जास्त जोरात असते. पूर्वेकडे जाणाऱ्याला ती ढकलते, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवते. उदाहरणात ताशी ९० किमी वारा धरू:

- पश्चिमेकडे, लंडन ते न्यूयॉर्क: ५,६६५ ÷ ८१० = ७ तास
- पूर्वेकडे, न्यूयॉर्क ते लंडन: ५,६६५ ÷ ९९० = ५ तास ४३ मिनिटं
- वारा नसता तर: ६ तास १८ मिनिटं

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वाऱ्याने जाताना ४२ मिनिटं खाल्ली आणि येताना ३५ च परत दिली. विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ अडकतं, म्हणून हिशोब बरोबरीत सुटत नाही. जायचा-यायचा वेळ मिळवून दोनाने भागलात तरी बिनवाऱ्याचा वेळ मिळणार नाही.

वारा किती खेळवतो याचं एक टोक: फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण आजूबाजूची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

सावधान: उत्तर-दक्षिण प्रवासात आणि विषुववृत्ताच्या आसपास ही बेरीज-वजाबाकी करू नका. तिथे जाण्या-येण्याच्या वेळेत सहसा थोडाच फरक असतो.

## टप्पा ६: हवेतल्या वेळेवरून तिकिटावरच्या वेळेवर या

हवेतला वेळ काढताना आपण पूर्ण वाट पूर्ण वेगाने धरली. चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, शिवाय गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि तिथून परत गेटपर्यंत जमिनीवर चालतं. या सगळ्याचे मिळून साधारण ४० मिनिटं धरा. गजबजलेल्या विमानतळावर तासही लागतो.

म्हणजे लंडन–न्यूयॉर्क ७ तास ४० मिनिटं, उलट दिशेने ६ तास २३ मिनिटं. छापील वेळ याहून वीस ते चाळीस मिनिटं जास्त दिसते. वेळापत्रकात कंपन्या थोडी सवड ठेवतात, म्हणून विमान उशिरा सुटूनही कधीकधी वेळेवर पोहोचतं. यात फसवणूक शोधू नका. पुढचं विमान पकडायचं असेल तेव्हा हीच सवड तुमच्या कामी येते.

जवळच्या प्रवासाला हाच हिशोब वेगळा दिसतो. ५०० किमीसाठी जेटला हवेत चाळीस मिनिटं लागतात आणि चढण्या-उतरण्याची व जमिनीवरची जादा मिनिटंही चाळीसच. निम्मा वेळ अंतराशी संबंधच नसलेल्या गोष्टींत जातो. म्हणून अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होईल असं छोट्या पल्ल्यावर कधीच धरू नका.

## टप्पा ७: घड्याळाचा हिशोब

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. एक सुटण्याच्या शहराची, दुसरी पोहोचण्याच्या शहराची. त्यांची सरळ वजाबाकी करणं ही सगळ्यात जुनी चूक. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ ला सुटलेलं विमान लंडनला सकाळी ७ ला उतरतं. वजाबाकी १२ तास, खरा प्रवास ७. उलट दिशेने लंडनहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला न्यूयॉर्क. वजाबाकी ३ तास, खरा प्रवास ८.

बिनचूक पद्धत एकच: दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत आणा, मग वजा करा. ‘ते आपल्यापुढे की मागे’ हे तोंडी ठरवायला गेलात की कधीतरी उलटं होतंच.

सावधान: उन्हाळी वेळ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणून तिथेही एक आठवडा तसाच. भाच्याला मी एकदा मार्चमध्ये पाच तास धरून पोहोचण्याची वेळ काढून दिली. त्याला घ्यायला येणारे तासभर उशिरा पोहोचले आणि तो बॅगेवर बसून होता. तेव्हापासून तारीख लिहिल्याशिवाय मी फरक काढत नाही.

आणखी दोन खाचखळगे. सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात: भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास. आणि प्रशांत महासागर ओलांडताना आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. टोकियोहून रात्री ९ ला निघालात आणि सात तास उडालात, तर होनोलुलूला त्याच तारखेला सकाळी ९ ला उतरता. तिकिटावर ‘+१’ असेल तर दुसऱ्या दिवशी पोहोचता, आणि काहीच नसेल तर त्याच तारखेला, मग वेळ कितीही अशक्य वाटो. हॉटेलचं बुकिंग या तारखेवरच करा.

## टप्पा ८: मध्ये थांबा असेल तर

सिंगापूर–न्यूयॉर्क ही मध्ये न उतरणाऱ्या सर्वांत लांब विमानसेवांपैकी एक, सुमारे १५,३०० किमी आणि अठरा तासांहून जास्त. तुमचं अंतर याच्या बरंच वर गेलं तर थांबा नक्की. साओ पाउलो ते टोकियो सुमारे १८,५०० किमी आहे, तिथे न थांबणारं विमान शोधत बसू नका.

थांबा असला की टप्पा ३ ते ६ प्रत्येक तुकड्याला वेगळे करा आणि मधला वेळ मिळवा. पूर्ण अंतर एका वेगाने भागलं तर उतरण्या-चढण्याचे चाळीस मिनिटं आणि थांबा दोन्ही हिशोबातून गळतात.

बुकिंगमधला ‘डायरेक्ट’ हा शब्द जपून वाचा. त्याचा अर्थ फ्लाइट नंबर एकच आहे, एवढाच. विमान मध्ये उतरूही शकतं. न उतरणाऱ्या विमानाला ‘नॉनस्टॉप’ म्हणतात. आणि उतरण्याचा कोड व पुढे चढण्याचा कोड एकच आहे ना, ते बघा. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर मध्ये रस्त्याचा प्रवास, सामान परत घेणं आणि पुन्हा तपासणी हे सगळं येतं. तीन तासही तिथे अपुरे पडू शकतात.

## टप्पा ९: दार ते दार

तिकिटावरच्या वेळेत मिळवा: घर ते विमानतळ, देशांतर्गत प्रवासाला सुटण्याच्या दोन तास आधी आणि आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी पोहोचणं, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा, मग विमानतळ ते मुक्काम. सामान फक्त हातातलं असेल तर पट्ट्याचा वेळ वजा करा.

आता सगळा हिशोब प्रत्यक्षाशी ताडून बघा. त्याच फ्लाइट नंबरची मागच्या आठवड्यातली उड्डाणं ट्रॅकरवर उघडा आणि सुटल्या-पोहोचल्याच्या खऱ्या वेळा लिहा. एकच दिवस बघू नका, वारा रोज बदलतो. तुमचा आकडा त्या सात दिवसांच्या मधोमध पडला तर ठीक. सगळ्यांहून कमी आला तर टप्पा ४ चा वळसा किंवा टप्पा ६ चे चाळीस मिनिटं सुटलेत. बरोबर एका तासाने चुकला तर टप्पा ७ मधली तारीख पुन्हा बघा.